स्वच्छ घर आणि काटकसरी घर
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शंभरी गाठलेल्या ग्रंथालयात वक्त्याने साहित्याविषयी बोलावे, असा संकेत आहे. माझा आजचा विषय मात्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि परसदार यांच्याशी निगडित आहे. घरातील राहणी निसर्गाला कमी भार देणारी आणि बेताची कशी करता येईल, हा तो विषय. तो या वास्तूत परका वाटू नये. तसा तो नाहीच, हे मी पुढे सांगणार आहे.

आपण इंदूरकर आहोत आणि इंदूरकराला स्वच्छतेविषयी कोणी काही शिकवू लागले, तर त्याला ते रुचत नाही. त्यात नवल नाही. देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा आपले शहर पहिले आले. त्यांतील शेवटच्या वर्षी हा मान सुरतेबरोबर वाटून मिळाला. सकाळी गाण्याचे सूर कानी पडले, की घराघरांतून माणसे ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेऊन गाडीपाशी येतात. देवगुराडियाचे जुने डोंगर हटले. तेथेच १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून गॅस बनविणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा पचविण्याची आणि त्यापासून सुमारे १७ टन इंधनवायू देण्याची त्याची क्षमता आहे. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचे श्रेय पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कामगारांना सर्वांत आधी द्यावयास हवे.

परंतु या अभिमानाच्या पोटी एक गैरसमज दडलेला असतो. गाडी आली, डबा रिकामा झाला, ओटा पुसला, म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मनाला वाटू लागते. स्वच्छ घर आणि काटकसरी घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातील नकोसे झालेले वेळच्या वेळी बाहेर गेले, की घर स्वच्छ होते. काटकसरी घरात मुळात नकोसे फारसे निर्माणच होत नाही. पहिल्या कामात शहर आपल्याला मदत करते. दुसरे मात्र ज्याचे त्याने करावयाचे असते. आपण पहिल्यात देशात अग्रेसर ठरलो. दुसऱ्याचे काय, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी दोन परदेशी विद्वान येथे आले आणि दोघांनीही कचऱ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. पहिले पॅट्रिक गेडिस. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून त्यांनी इंदूरची नगररचना अभ्यासली आणि १९१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या काळी प्लेगच्या साथींनी शहर त्रस्त होते. गेडिस यांनी दिवाळीत एक आगळी मिरवणूक काढविली. मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग बदलून, ज्या रस्त्यांवरील घरे लोकांनी सर्वांत चांगली झाडूनपुसून डागडुजी केलेली असतील त्या रस्त्यांनी ती जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मग काय, घरोघर साफसफाईची लाट आली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता आणि त्यांच्यामागून नवी शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार झाडू घेऊन मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. रस्ता स्वच्छ करावयाचा तर आरंभ घराच्या उंबरठ्याच्या आतून व्हावा लागतो, हे गेडिस यांनी एकाही प्रवचनाशिवाय पटवून दिले.

दुसरे विद्वान अल्बर्ट हॉवर्ड. त्यांच्या नेतृत्वाखाली १९२४ मध्ये येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संशोधन संस्था सुरू झाली. तिला जमीन दिली ती होळकर दरबाराने. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्ड १९३१ पर्यंत येथे होते. मालव्यातील शेतकऱ्याला विकतचे खत परवडत नाही. पण त्याच्या शेतात पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण आणि गोठ्यातील शेण यांची वाण नाही, हे त्यांनी पाहिले. कापसाच्या पऱ्हाट्या कठीण असतात, लवकर कुजत नाहीत. त्या त्यांनी शेतातील गाडीवाटेवर पसरून टाकल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या गेल्या. मग त्या जनावरांखाली अंथरल्या आणि पुढे खड्ड्यात पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांच्याबरोबर थरांनी रचल्या. पाणी शिंपडायचे, ढीग तीन वेळा परतायचा आणि सुमारे तीन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, मातीचा गंध असलेले खत उचलायचे, अशी ही रीत. हिचे नाव जगभर पसरले ते 'इंदूर पद्धत' म्हणूनच.

या पद्धतीची मांडणी करणारा ग्रंथ १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. एक हॉवर्ड यांचे आणि दुसरे त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने ज्या लेखनापासून प्रेरणा घेतली, त्यातील या आरंभीच्या ग्रंथाचे एक लेखक यशवंत वाड होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? परदेशातील बागांमध्ये लोक ज्या रीतीने पालापाचोळ्याचे खत करतात, तिला आपल्या गावाचे नाव आहे. त्या गावातील घरांमध्ये मात्र भाजीची देठे आणि केळीच्या साली अजूनही डब्यात भरून दुसऱ्याच्या हवाली केल्या जातात. ते काम पुढे उत्तम रीतीने होते, हे खरे. परंतु ज्यासाठी गाडी, डिझेल आणि माणसाची पहाट खर्ची पडते, ते गच्चीच्या कोपऱ्यात विनाखर्च होऊ शकते, हेही तितकेच खरे.

ते कसे, हे थोडक्यात सांगतो. कारण नुसत्या उपदेशाने खत होत नाही. मातीचे दोन मोठे माठ घ्यावेत. त्यांच्या बाजूंना आणि तळाला बोटभर भोके पाडावीत. तळाशी वाळक्या काटक्या आणि सुकी पाने पसरावीत. रोजची देठे, साली, चहाचा चोथा, निर्माल्य यांचे बारीक तुकडे करून त्यांचा थर द्यावा आणि त्यावर तितकीच, शक्य झाल्यास दुप्पट, सुकी पाने घालावीत. मूठभर जुने खत किंवा आंबट ताक शिंपडलेली माती मिसळली, म्हणजे कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करावे. एक माठ भरला, की तो झाकून ठेवावा आणि दुसरा सुरू करावा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील खत तयार होत येते.

वास येईल, किडे होतील, ही भीती सर्वांना वाटते. वास येतो तो ओल जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. सुकी पाने वाढवावीत आणि ढीग हलवावा, दोन दिवसांत वास जातो. मुंग्या आल्या तर ओल कमी पडली असे समजून पाणी शिंपडावे. आतील ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका असला, म्हणजे बरोबर. तेलकट उष्टे आणि हाडे मात्र माठात घालू नयेत, ती गाडीतच द्यावीत. ज्यांच्या सदनिकेत एवढीही जागा नाही, त्यांनी इमारतीतील चार घरांनी मिळून आवारात एक खड्डा करावा. मालव्यात शिशिरात झाडे पानांचा सडा घालतात. ती पाने जाळून धूर करण्यापेक्षा पोत्यांत भरून ठेवावीत, वर्षभर पुरतात.

तथापि खत करणे ही या प्रवासातील दुसरी पायरी झाली. पहिली पायरी स्वयंपाकघरात आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओल्या कचऱ्याचा असतो आणि त्यात साली-देठांबरोबर वाया गेलेले अन्नही असते. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी शिळी पोळी कुस्करा होऊन ताटात येई, उरलेल्या भाताला फोडणी मिळे, दोडक्याच्या शिरांची आणि दुध्या भोपळ्याच्या सालीची चटणी होई. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई आणि उरलेले कपडे बोहारणीकडे जाऊन त्यांचे भांडे येई. प्रत्येक वस्तूला दोन-तीन जन्म असत. कोंड्याचा मांडा करणे ही म्हण त्या घरांतूनच आली.

येथे मी एक इशारा देऊ इच्छितो. त्या काळाचे गोडवे गाणे सोपे आहे. ती काटकसर बव्हंशी टंचाईतून आली होती आणि तिचा भार कोणाच्या खांद्यांवर होता, हे आपण विसरतो. गोधडी शिवणारे हात स्त्रियांचे होते, शिळे खाणाराही बहुधा स्त्रीवर्गच होता. ताजे घरातील पुरुषांना आणि शिळे तिला, अशी ती काटकसर असेल, तर तिचे पुनरुज्जीवन कोणालाच नको. आज निसर्गस्नेही राहणीच्या नावाखाली माठ हलविणे, कापडी पिशव्या धुणे, प्लास्टिक टाळून घरीच सारे करणे हे सगळे पुन्हा गृहिणीच्या किंवा कामाला येणाऱ्या बाईच्या माथी मारले गेले, तर तो अन्यायच होईल. म्हणून माझा पहिला नियम असा, की घरातील काटकसरीचे काम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे. सकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थाने माठ परतावा, मुलांनी सुकी पाने गोळा करावीत. शिळे उरले तर ते सर्वांच्या ताटात सारखे पडावे. मग पाहा, शिजविताना अंदाज आपोआप सुधारतो.

आता पाण्याकडे वळू. मालवा ही पावलोपावली पाणी असलेली भूमी, असा जुना लौकिक. विहिरी, बावड्या, बिलावली आणि सिरपूर यांसारखे तलाव, पुढे गंभीर नदीवरील यशवंतसागर, यांवर हे शहर वाढले. शहर वाढतच गेले आणि तो साठा अपुरा पडला. नर्मदेचे पाणी इंदुरास आणावे, यासाठी १९७० साली नागरिकांनी मोठे आंदोलन केले. १९७८ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. येथील ज्येष्ठ सभासदांना तो आनंद आठवत असेल.

नर्मदामाईचे हे पाणी कसे येते, याचा विचार नळ सोडताना मनात यावा. मंडलेश्वराजवळ जलूद येथे ते उचलले जाते. अहिल्याबाईंचे महेश्वर तेथून जवळच आहे. तेथील नदीचे पात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंचीवर आणि इंदूर सुमारे ५५० मीटरवर. म्हणजे सुमारे ७० किलोमीटरांचे अंतर आणि ४०० मीटरांची चढण, मध्ये विंध्याचा घाट. शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान येथे उपयोगी पडते. १००० लिटर पाणी ४०० मीटर वर चढवायला किमान एक युनिट वीज लागते. पंपात आणि नळवाहिनीत होणारी घट धरली, तर त्याहून बरीच जास्त. शहरी माणसासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडील सर्वमान्य प्रमाण आहे. चार माणसांच्या घराला त्या हिशेबाने वर्षाला सुमारे १ लाख ९७ हजार लिटर पाणी लागते. तेवढे पाणी नुसते वर आणण्यासाठी २०० हून अधिक युनिटे वीज खर्च होते आणि ती आपल्या घराच्या वीजबिलात कोठेही दिसत नाही. नगर निगमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, ते याच जलूदच्या परिसरात ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. पाणी चढविण्याचा विजेचा बोजा केवढा असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

म्हणून इंदुरात पाण्याची काटकसर ही विजेचीही काटकसर आहे. गळक्या नळाखाली रात्री लोटी ठेवावी आणि सकाळी मोजावे. वर्षाचा गुणाकार ज्याचा त्याने करावा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाहून जाणारे पाणी बादलीत धरले, तर फरशी पुसायला आणि न्हाणीघर धुवायला पुरते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कुंडीला द्यावे. बादली आणि तांब्या हे आंघोळीचे साधन आजही फवाऱ्याला सहज मात देते. आणि पावसाळ्यात गच्चीवर पडणारे पाणी, ज्याला चढविण्यासाठी एक दमडीही लागत नाही, ते गटारात न सोडता कूपनलिकेकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावे. या उपायांत कोणताही त्याग नाही. थोडे लक्ष हवे, एवढेच.

स्वयंपाकाच्या गॅसलाही हेच लागू आहे. राजमा, छोले, हरभरे रात्री भिजत घातले, तर ते कुकरमध्ये निम्म्या वेळात शिजतात. झाकण ठेवून उकळलेले पाणी लवकर उकळते. उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवल्याने पदार्थ अधिक तापत नाही, फक्त वाफ वाया जाते. या गोष्टी आपल्या घरी पूर्वापार ठाऊक आहेत. पण ठाऊक असणे आणि आचरणात असणे यांत अंतर पडले आहे.

एक आक्षेप येथे नेहमी घेतला जातो. माझ्या एका माठाने आणि एका बादलीने असे काय होणार आहे? आक्षेप पोकळ नाही. रस्त्याखालच्या वाहिन्यांतील गळती, वाहनांचा धूर, कारखान्यांचे सांडपाणी, कान्ह नदीची अवस्था हे प्रश्न गृहस्थाच्या काटकसरीने सुटणारे नाहीत. त्यांसाठी नागरिक म्हणून जाब विचारावा लागेल, आग्रह धरावा लागेल. कापडी पिशवी खांद्याला लावली म्हणून त्या जबाबदारीतून सुटका होत नाही. परंतु जो आपल्या घरातील पाण्याचा हिशेब ठेवतो, तोच शहराच्या पाण्याचा हिशेब नेमक्या शब्दांत मागू शकतो. शिवाय कचऱ्याची गाडी ही व्यवस्था आहे आणि व्यवस्था थकू शकते. जे शहर तिच्यावर जितका कमी बोजा टाकील, तितकी ती टिकेल. आपल्या स्वच्छतेचा मान पुढील पिढीपर्यंत टिकवायचा असेल, तर गाडीचा डबा हळूहळू हलका होत गेला पाहिजे.

आता आरंभी म्हटल्याप्रमाणे या वास्तूकडे वळतो. काटकसरीची सर्वांत सुंदर संस्था कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी ग्रंथालयाकडे बोट दाखवीन. एक प्रत विकत घेतली जाते आणि ती पन्नास घरांत जाऊन येते. शेवटी बांधणी सैल झाली, की बाइंडरकडे जाऊन नवे पुठ्ठे लेवून परत कपाटात बसते. वाचकाला पुस्तकाचा पूर्ण आनंद मिळतो आणि मालकीचे ओझे त्याच्यावर पडत नाही. मराठी मुलखापासून दूर राहून आपल्या पूर्वजांनी ही संस्था उभी केली, ती बेताच्या वर्गणीवर. सर्वांनी मिळून एकच घ्यावे, जपावे आणि वेळेवर परत करावे, या साध्या तत्त्वावर ती शंभर वर्षे उभी आहे.

हेच तत्त्व पुस्तकांपुरते का राहावे? भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र, उंच शिडी, मोठी पातेली, शिवणयंत्र, बाळाचा पाळणा या वस्तू प्रत्येक घरी विकत घेतल्या जातात आणि वर्षातून चार दिवस वापरल्या जातात. एका गल्लीत, एका इमारतीत त्यांचे छोटेसे ग्रंथालय होऊ शकते. नोंदवही, परत करण्याची मुदत आणि मोडल्यास दुरुस्तीची जबाबदारी, हे सारे नियम आपल्याला तोंडपाठ आहेत.

शताब्दीच्या निमित्ताने संस्थेला तीन विनंत्या करून थांबतो. कार्यक्रमांतील अल्पोपाहारासाठी कागदी द्रोण आणि प्लास्टिकचे पेले कायमचे बंद करून स्टीलच्या ताटल्या-पेल्यांचा एक संच घ्यावा आणि तो सभासदांना घरगुती मंगलकार्यांसाठीही पुस्तकाप्रमाणेच नोंद करून द्यावा. आवारातील झाडांची पाने न जाळता तेथेच एका खड्ड्यात 'इंदूर पद्धती'चे खत करावे आणि शेजारी हॉवर्ड व वाड या दोघांच्या नावांची साधी पाटी लावावी. शाळकरी मुलांना ती दाखविता येईल. आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय करावी. खर्च फारसा नाही. श्रमदानाला सभासद येतील, याची मला खात्री वाटते.

पुढच्या शंभर वर्षांत या कपाटांत कोणती पुस्तके असतील, हे आज कोणी सांगू शकणार नाही. ती वाचायला येणाऱ्यांच्या नळाला पाणी असावे आणि झाडाखालची माती काळी, सकस असावी, एवढी तजवीज मात्र आपल्या हाती आहे.